पात्रता: इतर

तिसऱ्यांसाठी हा अर्ज तिसऱ्यांदा.
दोनदा परत आला.
पहिल्यांदा नुसता आकडा, गुणांचा, कमी.
दुसऱ्यांदा एक ओळ:
'कोण, कोणाकडून, काय शिकणार हे कळत नाही.'
त्या ओळीवर मी आठवडाभर चिडले,
मग ती कापून प्रयोगशाळेतल्या फ्रिजला चिकटवली.

आधीच्या मसुद्यांत मी फार शिकलेली होते.
'किनारी परिसंस्थेचे शाश्वत व्यवस्थापन',
'क्षमताबांधणी', 'बहुविद्याशाखीय दृष्टिकोन',
शब्द पापलेटांसारखे ओळीनं मांडलेले,
डोळे चकचकीत,
खाली बर्फ.

या वेळी पहिलं वाक्य लिहिलं:
'काळबादेवीच्या खाडीत ओहोटीला सहा मुलं उतरतील
आणि तिसऱ्या मोजायला शिकतील.'
दुसरं: 'मोजणं वाटतं तितकं सोपं नाही.'
आणि खाली, पुरावा म्हणून, घडलेलं:
गेल्या माघात एकाच चौकटीत
साईली भाटकरनं मोजल्या एकोणीस,
मुनीरा सोलकरनं चाळीस.
द्वारका मयेकर टोपली काखेत घेऊन
तिथूनच चालली होती. उभ्या उभ्या म्हणाली,
"बासष्ट हायत."
आम्ही खणलं. एकसष्ट.
तिनं पाय उचलला. बासष्टावी टाचेखाली.

हे अर्जात लिहितात का?
रात्री दोनदा खोडलं, दोनदा परत घातलं.

वेळापत्रक तिमाहीनुसार मागितलं होतं.
खाडीला तिमाही माहीत नाही.
मी तिथ्या भरल्या:
पुनवेला, अवसेला खोलवर सुकते,
अष्टमीच्या भांगाला अर्धीच.
खर्चात चौकटी, चाळण्या, कॅलिपर दोन,
होडीचं भाडं (पाणी परत चढतं म्हणून),
गमबूट सहा जोड.

मग तो रकाना.
'प्रशिक्षकाची शैक्षणिक पात्रता.'
बाण दाबला की यादी उघडते:
पीएच.डी., एम.एस्सी., पदविका,
अगदी तळाला 'इतर'.
'इतर'वर बोट ठेवलं
तर पन्नास अक्षरांची एक खिडकी उघडली.
मी लिहिलं:
'टाचेनं शिंपली ओळखते. चाळीस वर्षं.'
अक्षरं उरली.
ती तशीच राहू दिली.

मुदत पाचची. साडेतीनला वीज गेली.
स्कूटर घेऊन सड्यावर चढले,
टॉवर दिसतो तिथवर,
जांभ्याच्या चिऱ्यावर लॅपटॉप, बॅटरी अकरा टक्के,
ओढणीचा आडोसा, तरी पडद्यावर
माझाच घामेजलेला चेहरा.
खाली खाडी भरत होती.
निळी पट्टी सरकायची, थांबायची,
वाटेवरची एक गाय येऊन हुंगून गेली.
चार सत्तेचाळीसला पोचपावती आली
आणि माझ्या लक्षात आलं
की सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.

पत्र आलं तेव्हा प्रात्यक्षिक चालू होतं.
मंजूर. सहाही जागा.
द्वारका मयेकर, मानधनासह.
एवढीच एका ओळीवर रेघ:
गमबूट सहा जोड. अनावश्यक.

अनावश्यक!
दिल्लीत बसून काय कळतं यांना,
चिखलात कालवांच्या धारा असतात,
पाय चिरतात, टाके पडतात.
मी तिथेच, उभ्यानं,
फेरविचाराचं पत्र मनात रचायला लागले,
'महोदय' पासून.
संध्याकाळी बंदरावर द्वारकेला वाचून दाखवलं.
ती इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली.
"बरा झाला गो, कापलान त्यांनी.
बुटात पाय बहिरा व्हतो.
मग काय आयकणार तुजी पोरा?"

आणि माझ्या सँडलकडे बघत राहिली,
मी वाकून बक्कल सोडेपर्यंत.